खेळण्यांवरील निष्ठा

निष्ठा हा शब्द आपल्या भाषेंत फार जपून वापरला जात असे. गुरूवर निष्ठा, व्रतावर निष्ठा, धन्याच्या मिठाशीं निष्ठा, आपल्या मतावर निष्ठा. ज्यासाठीं प्रसंगीं कांहीं सोसावें लागतें अशाच गोष्टींच्या जोडीला हा शब्द शोभतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. हल्लीं मात्र तो बाजारांत आला आहे. मनुष्य दुकानांतून एखादी वस्तु विकत आणतो, तिचे पैसे मोजून देतो, पावती खिशांत घालतो, आणि व्यवहार येथें संपला असें आपणांस वाटत असतांनाच तो त्या वस्तूच्या वतीनें शेजाऱ्याशीं भांडूं लागतो! पैसे त्यानें दिलेले असतात. तेव्हां उपकाराचें ऋण असलेंच तर तें विकणाऱ्याच्या माथीं असावयास पाहिजे. पण हा बोलतो ती भाषा ऋणकोची, किंबहुना भक्ताची असते. हा चमत्कार कसा घडतो, आणि त्यापासून आपलें बरेंवाईट काय होतें, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें मुलांच्या, आणि आतां केवळ मुलांच्याच नव्हे, खेळण्याचें.

दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून ज्यावर चित्रमय खेळ खेळतात आणि ज्याला कन्सोल म्हणतात, तें यंत्र आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल. निदान तें घ्यावें कीं न घ्यावें, याबद्दल बापलेकांत चर्चा तरी झालीच असेल. गोदावरीच्या कांठचें आमचें कोपरगांव हें उंसाचें आणि साखरेचें गांव. परंतु येथील तरुणांचीं जीं संभाषणें कानांवर पडतात तीं पुण्यामुंबईच्या तरुणांच्या संभाषणांहून फारशीं निराळीं नसतात. त्यांच्यांत दोन पंथ आहेत. एक सोनीच्या प्लेस्टेशनचा, दुसरा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा. कोणत्या यंत्राचें चित्र अधिक रेखीव, कोणता खेळ केवळ आपल्याच यंत्रावर मिळतो, आणि दिलेल्या पैशाच्या मानानें कोणतें यंत्र अधिक देतें, या तीन प्रश्नांवर हे पंथ असे कांहीं हातघाईवर येतात, कीं शैववैष्णवांनींही कानांवर हात ठेवावे. पहिले दोन प्रश्न आम्ही त्यांच्याकडेच सोपवितों. तिसरा मात्र मध्यम स्थितींतील प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. एक्सबॉक्स सीरीज एक्स हें यंत्र २०२० सालीं भारतांत आलें तें ४९,९९० रुपयांस, आणि प्लेस्टेशन ५ हें २०२१ सालीं आलें तेंही बरोबर ४९,९९० रुपयांस. ज्या घरांत असें यंत्र येतें, त्या घरांत दुसरें कांहीं तरी यावयाचें राहतें. तें दुसरें कधीं स्वयंपाकघरांतील फ्रीज असतें, तर कधीं धाकट्या बहिणीच्या शिकवणीची फी असते. तेव्हां हा वाद पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं.

प्रथम या भांडणाचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. निन्टेंडो ही जपानांतील क्योटो शहरची कंपनी १८८९ पासूनची. तिचा मूळचा धंदा हानाफुदा नांवाचे पत्ते तयार करण्याचा. १९८३ सालीं तिनें फॅमिकॉम हें यंत्र जपानांत काढलें, व १९८५ सालीं तेंच निराळ्या वेषांत अमेरिकेंत नेलें. १९८८ सालीं सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीनें मेगा ड्राइव्ह हें यंत्र बाहेर आणलें, आणि पुढें अमेरिकेंत तर निन्टेंडोला जें जमत नाहीं तें आमचें यंत्र करतें, अशा अर्थाची उघड उघड जाहिरात चालविली. एकीकडे निन्टेंडोचा मिशाळ मारिओ, दुसरीकडे १९९१ सालीं जन्मास आलेला सेगाचा निळा, काटेरी, वाऱ्यासारखा धांवणारा सॉनिक, अशी मुलांची फाळणी झाली. त्याच १९९१ सालीं निन्टेंडोनें सोनीशीं ठरलेला बेत मोडून फिलिप्सशीं हात मिळविला. दुखावलेल्या सोनीनें मग स्वतःचेंच यंत्र करण्याचें मनावर घेतलें, आणि १९९४ च्या डिसेंबरांत पहिलें प्लेस्टेशन जपानांत विक्रीस आलें. पुढें २००१ सालीं सेगानें यंत्रें करण्याचा धंदाच सोडला, व त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स घेऊन आखाड्यांत उडी घेतली. मल्ल बदलले, कुस्ती मात्र चालूच राहिली.

आपल्याकडे या युद्धाचे पडसाद उशिरां आणि जरा विनोदी रूपानें उमटले. १९९० नंतरच्या दशकांत गांवोगांवच्या दुकानांतून जें यंत्र मिळे तें बहुधा निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल असे. कॅसेटीवर हजारों, क्वचित् लाखों खेळ असल्याचें छापलेलें असावयाचें, आणि लावून पाहावें तों तेच थोडके खेळ नांवें बदलून पुन्हां पुन्हां समोर यावयाचे. पण त्या नकली यंत्रावर मारिओ आणि काँट्रा खेळलेल्या पिढीला आपण कोणत्या कंपनीच्या पक्षाचे आहों याचा पत्ताही नव्हता, आणि त्यामुळें तिच्या आनंदांत तिळमात्र उणें पडलें नाहीं. पुढें २००६ सालीं एक्सबॉक्स ३६० व २००७ सालीं प्लेस्टेशन ३ हीं अधिकृतपणें भारतांत आलीं, आणि यंत्रांच्या पाठोपाठ पक्षही आले.

कंपन्याकंपन्यांतील चढाओढीस आम्ही सरसकट दोष देणार नाहीं. तिनें गिऱ्हाइकाचें हित पुष्कळ वेळां केलेलें आहे. १९९५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील एका प्रदर्शनांत सेगानें आपल्या सॅटर्न यंत्राची किंमत ३९९ डॉलर म्हणून सांगितली. त्याच दिवशीं सोनीनें प्लेस्टेशन २९९ डॉलरला देऊं असें जाहीर केलें. एका वाक्यासरशीं गिऱ्हाइकाचे शंभर डॉलर वांचले. २०१३ सालीं याहूनही बोधप्रद गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्टनें आपल्या नव्या एक्सबॉक्स वनसाठीं असे नियम योजिले, कीं यंत्र चोवीस तासांतून एकदां तरी इंटरनेटला जोडलें गेलेंच पाहिजे, आणि विकत घेतलेल्या खेळाची तबकडी दुसऱ्यास देण्यावर किंवा विकण्यावर बंधनें राहतील. सोनीनें उत्तरादाखल अर्ध्या मिनिटाहूनही लहान अशी एक चित्रफीत दाखविली. तींत एक मनुष्य दुसऱ्याच्या हातांत तबकडी देतो आणि दुसरा आभार मानतो, एवढेंच! लोकांनीं मायक्रोसॉफ्टला इतकें धारेवर धरलें, कीं थोड्याच दिवसांत तिला ते नियम मुकाट्यानें मागें घ्यावे लागले.

पण या दोन्ही प्रसंगीं विजय कोणीं मिळवून दिला? 'तुमचें पटलें नाहीं तर आम्ही पलीकडच्या दुकानांत जाऊं' असें म्हणूं शकणाऱ्या गिऱ्हाइकानें. जो काय वाटेल तें झालें तरी आपल्याच कंपनीचें यंत्र घेणार, त्याच्यासाठीं कोणताही व्यापारी एक पैसा उतरवीत नाहीं. कां म्हणून उतरवावा? त्याची मूठ तर अगोदरच सैल झालेली असते. चढाओढीचें सारें फळ तिऱ्हाइताच्या डोळ्यांनीं पाहणाऱ्यामुळें पिकतें, आणि पक्षनिष्ठ मनुष्य त्या फळाचें झाडच आपल्या हातानें तोडीत असतो. आमच्या जिल्ह्यांत लोणीचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. तेथें जाणारा शेतकरी बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, रुमालाखालीं बोटें दाबून भाव करतो, आणि न पटल्यास धोतर झटकून उठतो. बैल एकदां दावणीला बांधल्यावर तो त्याला पोटच्या पोरासारखा संभाळील, पोळ्याला त्याची पूजाही करील. पण ज्याच्याकडून बैल घेतला त्या व्यापाऱ्याची पूजा करण्याचें त्याच्या स्वप्नींही येणार नाहीं. पुस्तकें न वाचलेल्या त्या शेतकऱ्याला जो विवेक आहे, तो पदवीधरांनीं कां गमवावा?

याचें उत्तर त्यांच्या मूर्खपणांत नाहीं. तें त्यांच्या खिशांत आहे. ज्याच्या दिवाणखान्यांत दोन्ही यंत्रें शेजारींशेजारीं मांडलेलीं आहेत तो या वादांत सहसा पडत नाहीं. त्याला एक खेळ येथें बरा वाटतो, दुसरा तेथें. भांडतो तो ज्याला एकच यंत्र घेतां आलें तो. वर्षभर वडिलांच्या मागें लागून, वाढदिवस, दिवाळी आणि परीक्षेचा निकाल अशा तीन मुहूर्तांचें बळ एकवटून त्यानें तें मिळविलेलें असतें. आतां तें चुकीचें निघालें, ही कल्पनाच त्याला सोसवत नाहीं; कारण चूक सुधारण्यास दुसरे पन्नास हजार कोठून येणार? म्हणून शेजाऱ्याचें यंत्र वाईट ठरणें ही त्याची गरज होऊन बसते. लग्नाचें स्थळ ठरल्यानंतर नाकारलेल्या स्थळांचे दोष घरांतल्या मंडळींस नव्यानें आठवूं लागतात, त्यांतलाच हा प्रकार. त्या पोराच्या तोंडीं कंपनीचें नांव असतें, पण तो समर्थन करीत असतो तें आपल्या निवडीचें. आणि त्याहून खोल पाहिलें तर, आपल्या बापानें काटकसर करून दिलेला पैसा वायां गेला नाहीं, एवढेंच तो स्वतःला समजावीत असतो. या भावनेस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तिच्या मुळाशीं लज्जा आहे, कृतज्ञता आहे. दोष एवढाच, कीं ती कृतज्ञता बापाकडे वळावयाची ती कंपनीकडे वळते.

दुसरें कारण सोबतीचें. पुष्कळ वर्षें असें होतें, कीं इंटरनेटवरून खेळावयाचें तर दोघांचें यंत्र बहुधा एकाच कंपनीचें लागे. वर्गांतले चार मित्र प्लेस्टेशनवर जमत असतील आणि पांचव्यानें एक्सबॉक्स घेतलें, तर तो एकटा पडे. सोनीनें ही भिंत २०१८ सालीं फोर्टनाइट या खेळापासून पाडण्यास आरंभ केला; पण तोंपर्यंत कित्येक मुलांनीं यंत्र निवडलें नव्हतें, टोळी निवडली होती, आणि टोळीची भाषा नेहमींच युद्धाची असते.

आतां पैशाच्या मोबदल्याकडे वळूं. आपण बोलतांना 'पैसा वसूल झाला' असें म्हणतों. वसूल हा शब्द जमाबंदीच्या दप्तरांतला. सारा वसूल करणारा एक, आणि ज्याच्याकडून तो करावयाचा तो दुसरा. येथें वसूल करणारा कोण आणि कोणाकडून, हें नीट पाहिलें पाहिजे. २०२१ सालीं अमेरिकेंतील एका गाजलेल्या खटल्यांत मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनीं साक्ष देतांना सांगितलें, कीं एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रींत कंपनीला नफा कधींच झालेला नाहीं. हें ऐकून भोळा वाचक म्हणेल, मग तर आपलाच लाभ झाला! परंतु आमच्या भागांतील ऊंस उत्पादकाला विचारा. उंसाचा भाव केवळ साखरेवर ठरत नाहीं; मळीचें काय केलें, बगॅसचें काय केलें, हा हिशेब तो मागतो. व्यापाऱ्याची खरी मिळकत पुष्कळदां मुख्य मालांत नसून त्याच्या मागून येणाऱ्या मालांत असते. यंत्र तोट्यानें द्यावें आणि खेळ, वर्गणी व जोडसाधनें यांतून तो तोटा भरून काढून वर नफा मिळवावा, असा हा धंदा आहे. प्लेस्टेशन ५ भारतांत आलें तेव्हां सोनीच्या कांहीं नव्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये होती. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा. असे दहा खेळ घेतले कीं बरोबर ४९,९९० रुपये, म्हणजे दुसरें एक यंत्रच होतें! तेव्हां दोन्ही पंथांचे लोक ज्या किमतीवरून भांडतात ती किंमतच मुळीं खरी नव्हे. ती केवळ उंबरठ्याची किंमत आहे. घराचें भाडें पुढेंच आहे.

हें ज्यांना समजतें असे हिशेबी तरुण निराळें माप पुढें करतात. ते म्हणतात, खर्चाला खेळलेल्या तासांनीं भागावें. पन्नास हजारांचें यंत्र दोन हजार तास वापरलें तर तासाला पंचवीस रुपये पडले. चित्रपटगृहांत यापेक्षां अधिक जातात. युक्तिवाद वरकरणीं बिनतोड आहे. पण तो शेवटास नेऊन पाहावा. चार हजार तास खेळल्यास तासाला साडेबारा रुपयेच पडतील. म्हणजे जो अभ्यास सोडून, झोप सोडून, जेवणाचें ताट पडद्यापुढें घेऊन खेळत बसला, त्याचा पैसा सर्वांत अधिक वसूल झाला. आणि जो संध्याकाळीं तासभर मनसोक्त खेळून ताजातवाना होऊन उठला, तो फसला! ज्या मापानें सर्वनाश हाच सर्वांत किफायतशीर ठरतो, तें माप खोटें असलें पाहिजे. चूक कोठें झाली हें उघड आहे. या गणितांत तास हा लाभाच्या बाजूस मांडला आहे, आणि वस्तुतः तास हाही खर्चच आहे. रुपये बापाचे गेले, तास मुलाचे गेले. रुपये कदाचित् पुन्हां मिळवितां येतील. खेळाचें मोल तो किती वेळ चालला यावर नसून, त्या वेळांत काय घडलें आणि त्यांतून मनुष्य कसा उठला, यावर आहे. २००९ सालीं प्लेस्टेशन २ साठीं 'देसी अड्डा' नांवाचा एक खेळ निघाला. त्यांत आपला विटीदांडूही होता. ज्या विटीदांडूला बाभळीच्या एका फांदीपलीकडे खर्च नाहीं, त्याच्या आनंदाला पैशानें भागूं गेल्यास उत्तरच यावयाचें नाहीं. कारण शून्यानें भागतां येत नाहीं.

मग कुटुंबानें मोल मोजावें तरी कशानें? आमच्या मतें तें हातांनीं मोजावें. म्हणजे वस्तु किती हातांतून फिरते, हें पाहावें. प्लेस्टेशन ५ भारतांत आलें तें दोन रूपांनीं. तबकडी घालण्याची सोय असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये, आणि तबकडीची सोय नसलेल्या, केवळ इंटरनेटवरून खेळ उतरवून घेणाऱ्या यंत्राची ३९,९९० रुपये. दोघांत बरोबर दहा हजारांचें अंतर. दुकानदाराच्या भाषेंत दुसरें यंत्र स्वस्त. पण त्या दहा हजारांत काय सोडावें लागतें? तबकडी मित्राला उसनी देतां येते, त्याची आणतां येते, खेळून झाल्यावर अर्ध्या किमतीस कां होईना विकतां येते. दुसऱ्या यंत्रांतला खेळ आपल्या घरांत असून आपल्या हातीं नसतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवीं, जेथें एकाच्या कपाटांतलें पुस्तक चार घरीं वाचलें जातें, तेथें देण्याघेण्याचा हा हक्क दहा हजारांहून मोठा आहे, असें आम्हांस वाटतें. आणि मित्रापर्यंत जाण्याआधीं आपल्याच घरांत पाहावें. जिच्या शिकवणीची फी लांबणीवर पडली, ती बहीण त्या यंत्राला हात लावते काय? कीं तिच्या वांट्यास केवळ 'मध्यें येऊं नकोस' हेंच वाक्य येतें? एकट्या मुलाच्या खोलींत बंद दाराआड असलेलें यंत्र कोणत्याही कंपनीचें असो, तें महागच पडलें. ओसरीवर बहीणभाऊ, शेजारपाजारचीं मुलें आळीपाळीनें खेळतात, हरलेला उठतो आणि दुसऱ्याला जागा देतो, तेथें तेंच यंत्र स्वस्त पडतें. एकाच यंत्राची किंमत दोन घरांत दोन होते, ती अशी.

येथें कोणी म्हणेल, कीं चढाओढ आणि तिचे पक्ष आपल्याकडेही होते. कलेच्या क्षेत्रांत तर त्यांनीं बहार उडविली. हें खरें आहे. एके काळीं महाराष्ट्रांत बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचे चाहते आणि केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे चाहते यांच्यांत अशीच रस्सीखेच असे. परंतु ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले, आणि दोन्ही पक्षांचे रसिक एका छताखालीं बसून दोघांनाही टाळ्या देते झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवरावांचें निधन झालें, म्हणून त्या रात्रीचें मोल मागाहून अधिकच वाढलें. कलावंताच्या चाहत्याची निष्ठा एका जिवंत मनुष्याच्या साधनेवर असते. ती साधना त्यालाही उंच नेते, आणि म्हणूनच प्रसंग आल्यास दुसऱ्याच्या साधनेपुढेंही त्याची मान लवते. यंत्राच्या पक्षाला असा प्रसंग येतो तेव्हां काय होतें? २००७ सालीं मारिओ आणि सॉनिक हे जुने वैरी ऑलिंपिकच्या एका खेळांत एकत्र अवतरले, आणि तेही निन्टेंडोच्या यंत्रावर. २०२५ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपले फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स ऑफ वॉर हे खेळ सोनीच्या प्लेस्टेशनवर नेले. ज्यांच्या नांवानें एक्सबॉक्सपंथी वर्षानुवर्षें छाती पुढें काढीत होते, तेच हे खेळ. यांत कंपन्यांनीं कांहीं गैर केलें असें आम्ही म्हणत नाहीं. सौदा फायद्याचा दिसला, त्यांनीं तो केला. पण राजांनीं तह केला तो सैनिकांना विचारल्यावांचून. आणि सैनिक मात्र अजून मैत्र्या तोडून खंदकांत बसले आहेत, हें दृश्य करुण आहे.

'मानापमान' लिहिणाऱ्या खाडिलकरांनींच 'विद्याहरण' लिहिलें, आणि त्या नाटकाची कथा तर आमच्या गांवची मानली जाते. कोपरगांवच्या बेटावर शुक्राचार्यांचें मंदिर आहे. कच संजीवनी शिकावयास आला तो येथेंच, अशी या भागांतील श्रद्धा. देव आणि दानव या दोन पक्षांत एकाच पक्षाजवळ संजीवनी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. आमच्या तरुणांच्या भाषेंत बोलावयाचें तर, ती विद्या केवळ एकाच यंत्रावर मिळत होती! देवांच्या गुरूचा मुलगा पक्षाभिमान बाजूस ठेवून शत्रूच्या गुरूच्या पायांशीं जाऊन बसला, आणि त्या गुरूनेंही त्याला शिष्य म्हणून ठेवून घेतलें. आम्हांस त्या कथेचा शेवट सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. देवयानीनें शाप दिला, कीं ही विद्या तुला फळणार नाहीं. कच म्हणाला, मला न फळो. मी जिला जिला शिकवीन त्या त्या शिष्याला ती फळेल. ज्याच्याजवळ वस्तु आहे त्याला तिचें फळ तो ती दुसऱ्याच्या हातीं देतो तेव्हांच मिळतें, हा अर्थ आम्हीं त्या शापांतून काढला तर शुक्राचार्य रागावणार नाहींत, अशी आशा आहे.

एक आक्षेप राहिला. कांहीं सुज्ञ पालक म्हणतात, कीं पोरवयांत कशावर तरी जीव टाकावयास शिकूं द्या. आज खेळण्यावर निष्ठा ठेवील तो उद्यां देशावर, संस्थेवर, मित्रावर ठेवील. आम्हांस हें पटत नाहीं. निष्ठा ही अशी वस्तु नव्हे, कीं जी कोठेंही वळविल्यानें व्यायाम होऊन वाढते. ज्याच्यावर ती ठेवावयाची तो तिला जागणारा असावा लागतो. मित्र जागतो, गुरु जागतो, संस्था आपल्या बऱ्या दिवसांत जागते. यंत्र जागूं शकत नाहीं. आणि कंपनी आपल्या भागीदारांना जागते, तेंच तिचें कर्तव्य. जो मुलगा कंपनीसाठीं मित्राशीं अबोला धरतो तो निष्ठेचा नव्हे, तर निष्ठेच्या विकृतीचा अभ्यास करीत असतो. आणि हा अभ्यास पुढें मोठेपणीं फुकट जात नाहीं. आपण वडील माणसें ज्या चहाच्या पुडीवरून, ज्या मोटारीवरून, ज्या वर्तमानपत्रावरून शेजाऱ्यास तुच्छ लेखतों, तीं आपलीं खेळणीं आहेत, इतकेंच. पक्षाच्या पुढाऱ्यानें तोंड फिरविलें तरी त्याच्यासाठीं भाऊबंदांशीं वैर चालू ठेवणारा गृहस्थ आपल्यांत दुर्मिळ नाहीं. तेव्हां मुलांना उपदेश करण्याआधीं आपल्या घरांतील हें वळण आपणच तपासलें पाहिजे.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. वस्तूच्या बाबतींत आपलें कर्तव्य पारख करण्याचें आहे, निष्ठेचें नाहीं. घेण्यापूर्वीं दोन्ही यंत्रें सारख्याच परकेपणानें पाहावीं. उंबरठ्याच्या किमतीबरोबर आंतलें भाडेंही विचारावें. देतां येईल, उसनें आणतां येईल, पुन्हां विकतां येईल, असें रूप शक्य तोंवर निवडावें. आणि एवढें करूनही घरांत तें आणणें झेपत नसेल, तर न आणावें, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. एकदां आणल्यावर मात्र त्याची बाजू मांडण्यांत एक क्षणही दवडूं नये. तें आपलें झालें; चांगलें असो, मध्यम असो, त्यावर चार जणांना बोलवावें. शेजारच्या मुलाकडे दुसऱ्या कंपनीचें यंत्र असेल तर उत्तमच. एका गल्लींत दोन यंत्रें झालीं, आणि दोन्ही घरांचे पैसे वांचले. आज याच्या ओसरीवर खेळावें, उद्यां त्याच्या. अशा गल्लींत कोणतें यंत्र श्रेष्ठ, हा वाद चालला तरी चालूं द्यावा; दोन्ही यंत्रांवर खेळलेल्या मुलांचा तो वाद जाणकारांचा असेल, आणि जेवणाची हांक येतांच तो संपेल.